तपासून सोडलेले चालक: न्यू साउथ वेल्सच्या श्वासचाचणी नाक्यांचं प्रकरण

१७ डिसेंबर १९८२ पासून ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या पोलिसांना रस्त्यावरची कोणतीही गाडी बाजूला घेऊन चालकाची श्वासचाचणी करण्याचा अधिकार मिळाला. कोणतीही म्हणजे खरोखर कोणतीही. गाडी वेडीवाकडी चाललेली असण्याची, चालकाच्या तोंडाला वास येण्याची किंवा त्याचे डोळे तांबारलेले असण्याची अट नव्हती. पोलिसाने हात केला की गाडी बाजूला, आणि फुंकायचं. त्या १९८२ सालात राज्यातल्या रस्त्यांवर १,२५३ माणसं मेली होती. १९८३ मध्ये ९६६ मेली.

एका वर्षात २८७ मृत्यू कमी, म्हणजे जवळजवळ २३ टक्के. पुढच्या वर्षांत आकडा थोडा वरखाली झाला, पण बाराशेच्या घरात पुन्हा गेला नाही. रस्ते तेच होते, गाड्या त्याच होत्या आणि पिणारेही तेच होते. हे प्रकरण आपण मराठी वाचकांनी बारकाईने पाहावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे मशीन आहे, कायदा आहे, रक्तातल्या दारूची मर्यादा त्यांच्यापेक्षा कडक आहे आणि दंडही मोठा आहे. तरी रात्री ढाब्यावरून उठून गाडीत बसणाऱ्याच्या मनात नाक्याचा विचार येतोच असं नाही. न्यू साउथ वेल्समधल्या चालकांच्या मनात हा विचार कसा आला, ते पाहू.

आधी काय करून झालं होतं

न्यू साउथ वेल्समध्ये रक्तातल्या दारूची कायदेशीर मर्यादा १९६८ पासून होती: १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम. डिसेंबर १९८० मध्ये ती ५० मिलिग्रॅमवर आणली गेली. त्यानंतरच्या वर्षी, १९८१ मध्ये, मृत्यू होते १,२९१. मर्यादा खाली आणण्याचा काहीच उपयोग झाला नाही असं कुणी म्हणू नये, पण एकूण आकडा जागचा फारसा हलला नव्हता. चाचणी व्हायची ती अपघात झाल्यावर, वाहतुकीचा नियम मोडल्यावर किंवा पोलिसाला संशय आल्यावर. बाकीच्या वेळी माणूस पिऊन सुखरूप घरी पोहोचायचा. दुसऱ्या दिवशीही पोहोचायचा. वर्षानुवर्षं असा अनुभव गाठीशी असला की कायद्याच्या पुस्तकात किती शिक्षा लिहिली आहे याने त्याला फरक पडत नाही.

ब्रिटनने हा धडा आधीच शिकवला होता. तिथे ऑक्टोबर १९६७ मध्ये रस्त्यावरची श्वासचाचणी सुरू झाली. मोठी चर्चा झाली, लोक घाबरले आणि अपघात एकदम खाली आले. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की नळी तोंडाला लागण्याची वेळ आपल्यावर येतच नाही, आणि सुरुवातीचा परिणाम विरत गेला. तिथेही चाचणीसाठी संशय, नियमभंग किंवा अपघात यांपैकी काहीतरी घडावं लागत होतं. खुद्द ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने १९७६ मध्येच संशयाशिवाय चाचणीचा अधिकार दिला होता, पण सुरुवातीला चाचण्या इतक्या थोड्या होत्या की सर्वसामान्य चालकाला त्याची झळ लागली नाही. कायदा आहे आणि नाका दिसत नाही, अशी ती अवस्था होती.

न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळाने १९८२ मध्ये रस्ता सुरक्षेसाठी सर्वपक्षीय समिती नेमली. जॉर्ज पाच्युलो हे तिचे अध्यक्ष. समितीने संशयाशिवाय श्वासचाचणीची शिफारस केली. विरोध दोन बाजूंनी झाला. नागरी स्वातंत्र्यवाले म्हणाले, काहीही गुन्हा न केलेल्या माणसाला पोलिसाने अडवायचं कशाच्या आधारावर? दारूचे अड्डे चालवणारे, म्हणजे तिथली हॉटेलं आणि क्लब, म्हणाले, आमचा धंदा बसेल. पहिला आक्षेप गंभीर होता आणि आजही आहे. म्हणून कायदा आधी तीन वर्षांच्या प्रयोगापुरता केला गेला आणि १९८५ मध्ये तो कायम झाला. लोकांच्या गळी एखादी कठोर गोष्ट उतरवायची तर मुदत घालून, निकाल दाखवून उतरवावी, हे मला त्या सरकारचं शहाणपण वाटतं.

नाका कसा लागायचा

आता मुख्य भाग. वर्दळीच्या रस्त्यावर, लांबून दिसेल अशा जागी, पोलिसांची रंगवलेली गाडी दिवे लावून उभी राहायची. लपून नाही. येणाऱ्या गाड्यांमधून काही बाजूला घ्यायच्या, त्यांची चाचणी होईपर्यंत बाकीच्या पुढे सोडायच्या, मग पुन्हा पुढच्या घ्यायच्या. चालकाने खाली उतरायचं नाही. खिडकीची काच खाली, परवाना हातात, आणि पोलीस यंत्र पुढे धरतो. हल्ली तर पहिल्या चाचणीत पुष्कळदा नळी तोंडातही घ्यावी लागत नाही. यंत्रासमोर एक ते दहा आकडे मोजायला सांगतात आणि बोलताना बाहेर पडलेल्या श्वासावरून यंत्र दारू आहे की नाही ते सांगतं. नसेल तर पोलीस आभार मानतो आणि गाडी पुढे जाते. या सगळ्याला फार तर एक-दोन मिनिटं लागतात.

दारू सापडली तर गोष्ट बदलते. रस्त्यावरची चाचणी ही फक्त चाळणी. गुन्हा सिद्ध करायला पोलीस ठाण्यातल्या किंवा खास गाडीतल्या मोठ्या यंत्रावर दुसरी चाचणी होते. तोंडात नुकत्याच घेतलेल्या घोटाचे अंश असतील तर आकडा फुगतो, म्हणून मध्ये काही वेळ जाऊ देतात. रस्त्यावरच्या आजच्या यंत्रांत छोटा विद्युतघट असतो. श्वासातला अल्कोहोल त्यातल्या प्लॅटिनमवर जळतो आणि त्यातून जो विद्युतप्रवाह निघतो, त्यावरून प्रमाण काढलं जातं. श्वासातल्या प्रमाणावरून रक्तातलं प्रमाण काढताना साधारण २,१०० ला १ हे गुणोत्तर धरतात.

नाका एकाच जागी रात्रभर नसायचा. थोडा वेळ इथे, मग दुसऱ्या रस्त्यावर. लोक गल्लीबोळांतून पळवाट काढू लागल्यावर पोलीस गल्लीच्या तोंडाशीही उभे राहू लागले. वेळही फक्त शनिवारी मध्यरात्रीची नव्हती. सकाळी नाका लागला की रात्रीची उतरली असं समजून निघालेला माणूस सापडायचा. शरीर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम या वेगानेच दारू संपवतं. रात्री बारा वाजता १५० वर असलेला माणूस सकाळी सहाला आंघोळ करून, कडक कॉफी पिऊन निघाला तरी ५० च्या वरच असू शकतो. कॉफीने झोप जाते, दारू जात नाही.

पहिल्या वर्षात चाचण्या झाल्या नऊ लाखांच्या आसपास. राज्याची लोकसंख्या तेव्हा साधारण ५३ लाख होती. त्यातले परवाना असलेले चालकच धरले, तर तिघांमागे एक चाचणी. ज्याची झाली नाही, त्याने नाका येताजाता पाहिला होता किंवा त्याच्या मेव्हण्याची, शेजाऱ्याची, कचेरीतल्या कुणाची तरी चाचणी झालेली होती. जोडीला टीव्हीवर जाहिरातींचा मारा होता, पण जाहिरात खरी ठरत होती ती रस्त्यावर. फुंकायला लावलेल्यांपैकी मर्यादेबाहेर निघणारे अगदी थोडे असत. पोलिसांनी त्याला अपयश मानलं नाही. त्यांचा हिशेब चाचण्यांचा होता, पकडण्याचा नव्हता. शंभरातले नव्याण्णव जण आभार ऐकून पुढे गेले, तर ते नव्याण्णव जण घरी जाऊन सांगणार होते की आज आपल्याला अडवलं होतं.

माझ्या मते हे प्रकरण इथेच आहे. पकडलेला माणूस एक. तपासून सोडलेला माणूस नाक्याची बातमी दहा घरांत नेतो. ज्या पोलीस दलाला ‘आज किती केसेस केल्या’ असं विचारलं जातं, ते दल दारूच्या दुकानाबाहेर, संशयित दिसणाऱ्यांच्या मागे जातं. ज्याला ‘आज किती जण तपासले’ असं विचारतात, ते मुख्य रस्त्यावर दिवे लावून उभं राहतं. दोन्हीकडे तेच पोलीस, तेच यंत्र आणि तितकेच तास, पण रस्त्यावरच्या चालकाच्या मनावर होणारा परिणाम फार वेगळा.

आग्रह मोडायला निमित्त

क्रिमिनॉलॉजिस्ट रॉस होमेल यांनी या नाक्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. शिक्षेची भीती माणसाच्या डोक्यात कशी काम करते, हा त्यांचा विषय. त्यांच्या कामातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती आपल्याला समजायला अजिबात अवघड नाही, कारण आपण आग्रहाच्या संस्कृतीत वाढलो आहोत.

ऑस्ट्रेलियातही पिणं हा एकट्याचा मामला नव्हता. मित्रांच्या टोळक्यात प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी बिअर आणायची ही तिथली रीत. पाच जण असतील तर पाच ग्लास. ‘मला नको’ म्हणणारा हिशेबातून सुटतो आणि मित्रांच्या नजरेतूनही उतरतो. आपल्याकडे ‘घे रे, एकाने काय होतंय’, ‘वहिनींना फोन करून सांगू का?’, ‘माझी शपथ आहे’, असं म्हणत ग्लास पुढे सरकवला जातो, ताण तोच. गाडी चालवायची आहे हे कारण नाका नसताना कुणी ऐकून घ्यायचं नाही, कारण सगळ्यांनाच गाडी चालवायची असायची आणि सगळेच पोहोचायचे.

नाके आल्यावर नकार द्यायला एक मानाचं कारण मिळालं. ‘पुढे पोलीस उभे असतील, परवाना जाईल’ असं म्हटलं की समोरचा गप्प बसतो. यात कुणी भित्रा ठरत नाही, कुणी सोवळा ठरत नाही आणि मैत्रीलाही धक्का लागत नाही. म्हणजे पोलिसाने रस्त्यावर जी भीती निर्माण केली, तिचं काम प्रत्यक्षात टेबलावर झालं, ग्लास भरण्याआधी. गाडी चालवणाऱ्याने आज प्यायचं नाही, बाकीच्यांनी त्याच्यासोबत जायचं, ही पद्धत त्यातून घट्ट झाली. सिडनीच्या पश्चिम उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही दिवाळीच्या फराळाला किंवा कुणाच्या पन्नाशीला जमताना परत जाताना गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरलेलं असतं. त्यावर चर्चा होत नाही, आणि त्या एका माणसाला कुणी आग्रह करत नाही.

लोकांचा पाठिंबाही वाढत गेला. सुरुवातीलाच बहुतेकांना नाके हवे होते. काही वर्षांत विरोध करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ज्यांना अडवलं जात होतं तेच लोक हे म्हणत होते. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण वागणूक. सगळ्यांना अडवलं जात होतं, कुणाचा चेहरा बघून नाही, आणि दोन मिनिटांत सोडलं जात होतं. संशयाशिवाय अडवण्यावरचा जो गंभीर आक्षेप होता, त्याला रस्त्यावर मिळालेलं उत्तर हेच: संशयाची गरज काढून टाकली तर पोलिसाच्या मर्जीलाही जागा कमी उरते.

घसरण नाक्यांमुळेच झाली का?

हा प्रश्न विचारायलाच हवा. १९८२-८३ मध्ये ऑस्ट्रेलियात मंदी होती. मंदीत लोक कमी फिरतात, हॉटेलात कमी जातात, आणि अपघात आपोआप थोडे कमी होतात. सगळं श्रेय नाक्यांना देणं चुकीचं ठरेल. पण दारूशी संबंधित प्राणघातक अपघात आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटले आणि एकूण अपघातांपेक्षा त्यांची घट मोठी होती. मंदी दारू प्यायलेले आणि न प्यायलेले चालक असा भेद करत नाही. शिवाय मंदी सरली तरी मृत्यू जुन्या पातळीवर गेले नाहीत.

दुसरा पुरावा शेजारच्या क्वीन्सलँडचा आहे आणि आपल्यासाठी तोच जास्त बोलका. क्वीन्सलँडने १९८६ मध्ये एक मधला मार्ग काढला. पोलीस रस्त्यावर नाका लावतील, गाड्या थांबवतील, पण चाचणी करतील ती पोलिसाला संशय आला तरच. म्हणजे चालकाशी बोलायचं, वास घ्यायचा आणि मग ठरवायचं. दोन-तीन पेग पचवून सरळ बोलणारा सराईत पिणारा या चाळणीतून सहज निसटतो आणि वर ही मर्दुमकी मित्रांना सांगतो. दोन वर्षांतच, डिसेंबर १९८८ मध्ये, क्वीन्सलँडने ही पद्धत सोडून न्यू साउथ वेल्ससारखी सरसकट चाचणी स्वीकारली.

पुढे न्यू साउथ वेल्समध्ये गस्तीच्या गाड्यांनाही चालत्या रस्त्यावर कुणालाही थांबवून चाचणी करायची मुभा मिळाली. त्यात पकडले जाणारे जास्त असतात, कारण गस्तीवरचा पोलीस संशयित गाडी निवडतो. होमेल यांचा आग्रह मात्र उभ्या, ठळक नाक्यांवर राहिला: गस्तीची गाडी एकालाच दिसते.

आपला कायदा क्वीन्सलँडच्या जागी उभा आहे

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १८५ म्हणतं की १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणं हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. न्यू साउथ वेल्सच्या ५० पुढे आपली ३० ची मर्यादा कडक आहे. पण कलम २०३ वाचा. गणवेशातला पोलीस चालकाला श्वास द्यायला सांगू शकतो, कलम १८५ चा गुन्हा झाल्याचा संशय घ्यायला वाजवी कारण असेल तर. म्हणजे क्वीन्सलँडची १९८६ ची अट. आपल्या नाकाबंदीत हवालदार आधी खिडकीशी वाकून ‘कुठून आलात?’ विचारतो आणि तोंडाचा वास घेतो, त्यामागे ही अट आहे. डिझेलचा धूर, पानमसाला, गाडीतला अत्तराचा स्प्रे यांच्या गर्दीत माणसाच्या नाकावर ही पहिली चाळणी सोपवलेली आहे.

पुढची अडचण महामार्गाची. कलम २०२ नुसार अटक केलेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर त्याला सोडावं लागतं. शहरात हे जमतं. घाटात किंवा आडरानातल्या टप्प्यावर मात्र जवळचं सरकारी रुग्णालय तीस किलोमीटरवर असेल तर दोन पोलीस एका चालकामागे रात्रीचे काही तास अडकतात, मागे नाक्यावर उरलेले दोघे ट्रकची रांग सांभाळतात आणि नाका मोडतो. पोलिसांची इच्छा नाही असा आरोप करणं सोपं आहे, पण या मनुष्यबळाच्या गणिताकडे बघितल्याशिवाय तो करू नये.

मुंबई वाहतूक पोलिसांनी २००७ पासून नाके लावून मद्यपी चालकांविरुद्ध सातत्याने मोहीम चालवली, आणि तिचा परिणाम शहरात दिसतो: मुंबईत पार्टीनंतर टॅक्सी बोलावणारे लोक त्याआधी इतके नव्हते. महामार्गावर तसं सातत्य आलं नाही. तिथे आपण दुसराच उपाय केला. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली. २०१७ मध्ये छोट्या वस्त्यांसाठी अंतर २२० मीटरवर आलं आणि मग शहरी हद्दीतल्या रस्त्यांना सूट मिळाली. न्यायालयाची कळकळ खरी होती. पण अर्धा किलोमीटर आत वळायला गाडीवाल्याला किती वेळ लागतो? तो निर्णय दुकानदारावर आला, चालकाच्या मनापर्यंत पोहोचला नाही.

२०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्त्यांवर १५,२२४ माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातली फार थोडी दारूच्या नावावर पडतात. न्यू साउथ वेल्समध्ये अपघातातल्या चालकाला रुग्णालयात आणलं की रक्ताचा नमुना घेणं कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे ते नेमाने होत नाही, त्यामुळे बहुतेक अपघात ‘अतिवेग’ या खात्यात जमा होतात. थर्टी फर्स्टनंतर वर्तमानपत्रांत किती तळीराम पकडले याचा आकडा येतो. त्या रात्री किती गाड्या तपासल्या, हा आकडा मला बातमीत क्वचितच सापडतो, आणि तो नसेल तर पकडलेल्यांच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. पाचशे पकडले ते हजारांतून की एक लाखातून?

कलम २०३ मधली संशयाची अट संसदेलाच काढता येईल, आणि ती महामार्गांपुरती, ठरावीक मुदतीसाठी काढून बघता येईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या टोल असलेल्या रस्त्यावर गाडी तशीही थांबते. तिथे चाचणीची जागा आखून देता येईल, जवळ डॉक्टर आणि दुसऱ्या चाचणीचं यंत्र असलेली गाडी उभी करता येईल. पण त्याआधी कायद्यात एक अक्षरही न बदलता महामार्ग पोलिसांना एक गोष्ट आजपासून करता येईल: प्रत्येक नाक्याच्या रोजच्या नोंदीत किती जणांची चाचणी केली आणि किती जणांना लगेच सोडलं, हे दोन रकाने घालायचे आणि दर महिन्याला ते आकडे जिल्ह्यानुसार जाहीर करायचे.